स्टे-ग्रीनचं जनुक सापडलंय म्हणजे नक्की कुठं सापडलंय?

मंगळवेढेकर

मंडळी, एक शंका आहे. जरा सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

आमचं शिवार मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीतलं. रब्बीला मालदांडी ज्वारीच. पेरणी झाली की पुढं पाऊस आला तर आला, नाहीतर जमिनीत मुरलेल्या ओलीवरच पीक काढायचं. दाणा भरायच्या वेळी ओल संपली की पानं खालून वर करपत येतात, खडखड्या लागतो आणि ताटं बुडातून मोडून आडवी होतात. दाणाही बारीक आणि कडब्यालाही गिऱ्हाईक नाही.

भाचा कृषी महाविद्यालयात शिकतो. तो म्हणाला, मामा, दाणे भरेपर्यंत पानं हिरवी ठेवणारी 'स्टे-ग्रीन' जनुकं ज्वारीत सापडून वीस वर्षं उलटली. एसटीजी-१ ते एसटीजी-४ अशी नावंसुद्धा आहेत. पहिली दोन तिसऱ्या गुणसूत्रावर, तिसरं दुसऱ्यावर, चौथं पाचव्यावर.

आता माझा प्रश्न असा की एवढं ठावठिकाण्यासकट माहीत आहे, तर उचलून मालदांडीत घालायला अडतंय कुठं? मी कला शाखेचा माणूस, मास्तरकी करून शेती करतो. समजेल असं सांगा.

सातरस्ता

चांगला धागा. माझी पण हीच शंका. ज्वारीचा अख्खा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, २००९ सालीच वाचून झाला. सुमारे ७३ कोटी अक्षरं, दहा गुणसूत्रं, सगळं नेटवर फुकट. मग आता नकाशे बिकाशे कशाला? फाईल उघडायची आणि शोधायचं की ओ.

गुणसूत्री

मंगळवेढेकर सर, तुमच्या भाच्यानं सांगितलेले ठावठिकाणे खरे आहेत, फक्त 'जनुकं' हा शब्द नेमका नाही. मी ज्वारीच्या पैदाशीतच काम करते, म्हणून थोडं लांबण लावते.

एसटीजी-१ ते ४ ही चार जनुकं नाहीत. ते गुणसूत्रावरचे चार पट्टे आहेत, आणि एकेका पट्ट्यात शेकड्यानं जनुकं असू शकतात. पट्टा कसा ठरला ते आधी बघा. बी-३५ नावाचा वाण, मूळ इथिओपियाच्या ज्वारीतून आलेला, दुष्काळात हिरवा राहणारा. त्याचा संकर टीएक्स-७००० या लवकर वाळणाऱ्या वाणाशी केला. त्यातून पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागण करून स्थिर वंशावळी काढल्या. प्रत्येक वंशावळ शेतात किती हिरवी राहिली हे मोजलं, आणि प्रयोगशाळेत तिच्या डीएनएवरचे मार्कर तपासले. मार्कर म्हणजे डीएनएतली अशी ठरावीक जागा, जिथं आई आणि बाप यांच्यात फरक असतो आणि तो फरक चाचणीत दिसतो. जे मार्कर बी-३५ कडून आले की ताट हिरवं राहतं, त्यांच्या आसपास कुठंतरी कारण दडलेलं आहे, एवढाच निष्कर्ष यातून निघतो.

'आसपास' किती? हे अंतर सेंटीमॉर्गनमध्ये मोजतात. बीजपेशी तयार होताना आईकडच्या आणि बापाकडच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जागांमध्ये शंभरातल्या एका बीजपेशीत अशी अदलाबदल झाली, तर त्या एक सेंटीमॉर्गन लांब. स्टर्टेव्हंटनं १९१३ साली फळमाशीवर हा हिशेब पहिल्यांदा मांडला, आणि पाया आजही तोच आहे. पण यात डीएनए कुठंच मोजलेला नसतो. मोजलेली असते ती फक्त अदलाबदल. आणि अदलाबदल गुणसूत्रावर सगळीकडे सारखी होत नाही!

ज्वारीत ही गोष्ट फार ठळक आहे. २००५ साली डीएनएचे तुकडे थेट गुणसूत्रांवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. तेव्हा दिसलं की गुणसूत्राच्या मधल्या, गच्च भागात अदलाबदल टोकांकडच्या मोकळ्या भागापेक्षा सुमारे ३४ पटीनं कमी आहे. मोकळ्या भागात एक सेंटीमॉर्गन म्हणजे साधारण अडीच लाख बेस (डीएनएची अक्षरं). तिथं दर १२ हजार बेसमागं एक जनुक धरलं तर वीसेक जनुकं. गच्च भागात तोच एक सेंटीमॉर्गन ऐंशी लाखांच्या वर जातो. जनुकं तिथं विरळ आहेत, तरी दोनशेच्या वर भरतात.

म्हणून 'मार्कर जनुकापासून एक सेंटीमॉर्गनवर आहे' एवढ्यानं काही कळत नाही. कुठला एक सेंटीमॉर्गन, ते विचारायचं.

पोटरी ते पेंढी

ताई, झकास. गावाकडच्या भाषेत मी असं सांगेन. मोजणीदार येऊन खुणेचा दगड रोवून गेला, त्यावरनं आपली हद्द कळते. पण विहीर दगडाखाली नसते. ती दगडापासून चार पावलांवर आहे का चाळीस एकर पलीकडं, हे साखळी टाकल्याशिवाय कळत नाही. मार्कर म्हणजे दगड आणि फिजिकल मॅपिंग, म्हणजे डीएनएवरचं खरं अंतर मोजणं, ही साखळी. बरोबर का?

गुणसूत्री

काका, अगदी बरोबर.

ही साखळी पूर्वी कशी टाकत तेही सांगते. डीएनएचे लाख-दीड लाख बेसचे तुकडे करून ते जिवाणूत साठवत. त्यांना बॅक क्लोन म्हणतात, १९९२ पासून वापरात आहेत. हजारो क्लोन. मग कुठल्या तुकड्याचं टोक कुठल्या तुकड्यावर चढतंय हे विकरांनी कापून, मिळणाऱ्या बारीक तुकड्यांच्या लांबीच्या नमुन्यावरून ठरवायचं. चढत चढत सलग मालिका तयार होते. पण अशी मालिका नुसती हवेत असते. ती कुठल्या गुणसूत्राच्या कुठल्या भागात बसते, उलटी की सुलटी, हे ठरवायला पुन्हा मार्करच लागतात. ज्या मार्करची जागा आनुवंशिक, म्हणजे सेंटीमॉर्गनच्या, नकाशावर माहीत आहे, तो ज्या तुकड्यात सापडला तो तुकडा तिथं टाचायचा. दोन्ही नकाशे असे एकमेकांना बांधले जातात. ज्वारीचा जीनोम २००९ मध्ये जुळवला तेव्हा तुकडे योग्य गुणसूत्रावर बसवायला हेच आधीचं काम उपयोगी पडलं.

सातरस्ता

बरं, बसवले. २००९ ला संपलं ना मग काम? माझा मुद्दा तोच आहे. आता मार्करची जागा फाईलमध्ये मिळते. बेस नंबर इतका ते तितका. त्यातली जनुकं वाचा, दुष्काळाशी संबंधित वाटेल ते उचला. यात वीस वर्षं काय करायची?

गुणसूत्री

सातरस्ता, तुमच्या प्रश्नात तीन अडचणी आहेत.

वाचलेला जीनोम बीटीएक्स-६२३ या अमेरिकन वाणाचा आहे, मालदांडीचा नाही. एका वाणात असलेलं जनुक दुसऱ्यात नसतं, कुठं दोन प्रती असतात, कुठं तुकडा उलटा फिरलेला असतो. फाईलमधला पत्ता आधार म्हणून उत्तम. पण हिरवेपणा बी-३५ मध्ये आहे, आणि कदाचित नेमका तोच फरक फाईलमध्ये नसेल.

दुसरं, 'दुष्काळाशी संबंधित वाटेल ते' हा निकष फसवा आहे. पट्ट्यात दोनशे जनुकं असली तर चाळीस तरी तशी वाटतात. पाण्याचा ताण पडला की झाडातली हजारो जनुकं हलतात, त्यातली बहुतेक परिणाम असतात, कारण नव्हे.

तिसरं म्हणजे वेळ खाणारं काम. पट्टा अरुंद करायचा तर त्या पट्ट्याच्या आत अदलाबदल झालेली झाडं शोधावी लागतात. मार्करमधलं अंतर ०.१ सेंटीमॉर्गनवर आलं की हजार बीजपेशींमागं सरासरी एक. म्हणजे हजारो रोपांची पानं तोडायची, प्रत्येकीचा डीएनए काढायचा, दोन मार्कर लावायचे आणि हाताला लागलेल्या दहा-वीस रोपांची बी वाढवून त्यांना दुष्काळात उभं करायचं. दुष्काळ मागणीप्रमाणे येत नाही. रब्बीत अवकाळी पाऊस झाला की तो हंगाम फुकट.

संगणकानं यातली पहिली अडचण हलकी झाली. तिसरीला अजून शेतच लागतं.

मंगळवेढेकर

ताई, आता पुष्कळ उलगडलं. पण मग चारपैकी एकाचं तरी नक्की जनुक हाती लागलं का?

गुणसूत्री

पहिल्या दोन पट्ट्यांत ऑक्झिन हे संप्रेरक पेशीतून बाहेर ढकलणाऱ्या पिन कुळातली जनुकं दावेदार म्हणून मांडली गेली आहेत. दावेदार म्हणते, कारण 'हे जनुक बदललं आणि हिरवेपणा गेला' अशी थेट परीक्षा ही वेगळी पायरी असते. एसटीजी-३ चं तर पुढं एसटीजी-३ए आणि ३बी असं विभाजन झालं. एक समजलेला पट्टा दोन निघाला. नकाशा बारीक होत जातो तसं हे घडतंच.

आणि तुमच्या शेतासाठी जास्त महत्त्वाचं सांगते. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी दाखवलं की हे पट्टे पानाला थेट हिरवं ठेवतच नाहीत. ते झाडाचा पसारा कमी करतात, फुटवे कमी, वरची पानं लहान. त्यामुळं फुलोऱ्याआधी पाणी कमी खर्च होतं आणि जमिनीतली ओल दाणे भरायच्या वेळेपर्यंत उरते. पानं हिरवी राहणं हा त्याचा शेवटचा परिणाम.

पोटरी ते पेंढी

हे वाचून कान टवकारले. पसारा कमी म्हणजे कडबा कमी! मंगळवेढ्याचा शेतकरी कडबा सोडायचा नाही. जनावरं काय खाणार?

मंगळवेढेकर

काका, माझ्या मनातलं बोललात. आमच्याकडं धान्याइतकाच कडब्यावर हिशेब असतो. कडब्यात वैरण कमी आली तर घरातनंच विरोध होईल, बी परत करा म्हणतील.

गुणसूत्री

शंका रास्त आहे, आणि मला वाटतं हेच या कामातलं खरं कोडं आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी लहान पसाऱ्याचा तोटा दिसू शकतो. म्हणूनच चारही पट्टे एकदम कोंबण्यापेक्षा एकेक घालून इथल्या जमिनीत बघावं असं माझं मत. पण तसं करायला पट्टा अरुंद हवा. रुंद पट्ट्याबरोबर बी-३५ चं शेजारचं नको ते सामानही येतं. दाण्याचा रंग, टपोरेपणा, भाकरीची चव, काहीही बिघडू शकतं.

हिशेब बघा. संकराच्या संततीचा पुन्हा मालदांडीशीच संकर, म्हणजे उलटा संकर, तीनदा केला तरी परक्या वाणाचा वाटा सरासरी ६.२५ टक्के उरतो. ७३ कोटींचे म्हणजे साडेचार कोटी बेस. त्यातले बरेचसे नेमके आपण धरून ठेवलेल्या पट्ट्याच्या शेजारीच असतात, कारण तिथं आपणच निवड करतो. ते कापून काढायला पट्ट्याच्या दोन्ही अंगांना मार्कर हवेत, आणि ते मालदांडी व बी-३५ यांच्यात वेगळे दिसणारे हवेत. परदेशी संकरात चाललेला मार्कर आमच्या संकरात दोन्हीकडे सारखाच दिसतो, हे फार वेळा होतं. मग दुसरा शोधा.

सोलापूरकर लुधियानात

धाग्यावर उशिरा आलो. मी गव्हात असतो, त्यामुळं थोडी वेगळी बाजू.

गव्हात या साखळीची एक भन्नाट सोय आहे. गहू षट्गुणित, ४२ गुणसूत्रं, प्रत्येक गोष्टीच्या साधारण तीन प्रती. त्यामुळं एखाद्या गुणसूत्राचं टोक तुटून गेलं तरी झाड जगतं. एंडो आणि गिल यांनी १९९६ साली 'चायनीज स्प्रिंग' या गव्हाच्या अशा ४३६ तुटक्या वंशावळी तयार केल्याचं मांडलं. रानगवतातलं एक गुणसूत्र गव्हात घातलं की ज्या बीजपेशींत ते जात नाही, त्यांतली गुणसूत्रं तुटतात. त्याच खोडसाळपणाचा उपयोग करून घेतला.

मग मार्करची जागा ठरवायला पैदास करायचीच गरज नाही. कुठल्या वंशावळीत मार्करची पट्टी उमटते आणि कुठल्या वंशावळीत गायब होते ते जेलवर बघायचं. तुटलेला भाग कुठून कुठपर्यंत हे सूक्ष्मदर्शकानं आधीच माहीत. पट्टी गेली म्हणजे मार्कर तुटलेल्या भागात. अदलाबदल होते की नाही, किती होते, याच्याशी संबंधच नाही. म्हणून गच्च भागातले मार्करही जागेवर बसतात. दोन्ही आईबापांत सारखा दिसणारा मार्करसुद्धा चालतो, हा मोठाच फायदा.

एमएस्सी भाग दोन

सर, मग ज्वारीत अशा तुटक्या वंशावळी का करत नाहीत?

सोलापूरकर लुधियानात

ज्वारी द्विगुणित. दहा जोड्या, वरकड प्रती नाहीत. मोठा तुकडा गेला की बीजपेशीच मरते. गव्हाची श्रीमंती इथं कामाला येते. एरवी तीच श्रीमंती डोकेदुखी असते, गव्हाचा संदर्भ जीनोम ज्वारीनंतर नऊ वर्षांनी, २०१८ ला आला.

पोटरी ते पेंढी

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. मालदांडी ३५-१ ही आपल्या मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतनं निवडलेली, स्वातंत्र्याच्या आधी. तेव्हा मार्कर नव्हता की काही नव्हतं. डोळा आणि दातानं दाणा फोडून बघणं. आणि आजही तिला हलवणारं वाण सापडेना. मग एवढ्या खटाटोपाला अर्थ किती, असं माझ्यासारख्या जुन्या माणसाला वाटतं.

दुसरं असं की नोकरीत असताना बुटक्या ज्वारीच्या प्लॉटात अधूनमधून एखादं ताट दीडपट उंच दिसायचं. आम्ही भेसळ म्हणून उपटून टाकायचो. ते भेसळच असतं का?

गुणसूत्री

काका, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार सुंदर आहे, म्हणून आधी तेच.

प्रत्येक वेळी भेसळ नसते. ज्वारीत बुटकेपणाची चार मुख्य जनुकं मानतात. त्यातलं तिसरं, डीडब्ल्यू-३, सातव्या गुणसूत्रावर. २००३ साली ते हाती लागलं, आणि तेही मक्यातल्या तशाच जनुकाच्या मदतीनं. तेही ऑक्झिन वाहून नेणारं प्रथिन करतं. बुटक्या वाणात या जनुकातला ८८२ बेसचा तुकडा लागोपाठ दोनदा आलेला असतो, म्हणून जनुक चालत नाही आणि ताट आखूड राहतं. पण तुकडा दोनदा असल्यानं अदलाबदलीच्या वेळी जोडणी एका घरानं सरकते. मग एका बीजपेशीत तुकडा पुन्हा एकच उरतो. जनुक दुरुस्त, ताट उंच. तुम्ही उपटलेल्यांपैकी काही असे परत फिरलेले असणार.

आणि हे कळलं कसं? जनुकापर्यंत प्रत्यक्ष पोचल्यामुळं. 'सातव्या गुणसूत्रावर कुठंतरी' एवढंच माहीत असतं तर आजही भेसळच म्हणत बसलो असतो.

पहिल्या प्रश्नावर माझा मतभेद आहे. मालदांडीची निवड अप्रतिमच, पण ती असलेल्या विविधतेतून केलेली निवड. बी-३५ मधली गोष्ट मोहोळच्या शिवारात नव्हतीच, तर डोळ्याला दिसणार कुठून?

सातरस्ता

ठीक आहे, अर्धा पटलो. पण एक तरी उदाहरण द्या, जिथं हे सगळं होऊन शेतकऱ्याच्या हातात बी पडलं. नुसते पेपर नकोत.

सोलापूरकर लुधियानात

घ्या दोन. हरियाणातला बाजरीचा एचएचबी-६७ सुधारित संकर, २००५. गोसावी रोगाला प्रतिकार मार्करच्या मदतीनं घातलेला. आणि भातातलं सब-१. पुरात दोन आठवडे बुडून जगणारा भात. नवव्या गुणसूत्रावर आहे हे १९९० च्या दशकात कळलं, नेमकं जनुक २००६ ला हाती आलं, आणि २००९ ला स्वर्णा-सब-१ भारतात प्रसारित झाला. जनुक हाती आलं होतं, म्हणून स्वर्णाचं बाकी काही न बिघडवता छोटा तुकडा घालता आला.

गुणसूत्री

यात एक पुस्ती. सब-१ हा एकाच जागेचा भरभक्कम परिणाम आहे. स्टे-ग्रीन तसं नाही, चार-पाच जागांचे छोटे छोटे परिणाम आणि वर हवामानाचा खेळ. त्यामुळं भातात झालं म्हणजे ज्वारीतही तितक्याच वेळात होईल, असं कृपा करून कुणी शेतकरी मेळाव्यात सांगू नका.

सांगोल्याचा डाळिंबवाला

ताई, आमच्याकडं पण बघा की जरा. तेल्यानं बागा उपटायची वेळ येते. केगावला डाळिंबाचं एवढं मोठं राष्ट्रीय केंद्र आहे. तेल्याचं जनुक कुठल्या गुणसूत्रावर आहे ते शोधून भगवा वाणात घालता येत नाही का?

गुणसूत्री

डाळिंबाला आठच जोड्या गुणसूत्रं, जीनोम ज्वारीच्या निम्म्याहून लहान, सुमारे ३२ कोटी बेस. 'ट्युनिशिया' या मऊ बियांच्या वाणाचा गुणसूत्रांवर बसवलेला जीनोम २०२० ला प्रसिद्ध झाला. म्हणजे पाया आहे. अडचण पैदाशीची. ज्वारीची पिढी चार महिन्यांत निघते, डाळिंबाच्या रोपाला फळ धरायलाच काही वर्षं जातात. हजारो झाडांची संतती बागेत उभी करायला जमीन आणि पाणी कुठून आणायचं?

शिवाय तेल्या जिवाणूमुळं येतो, आणि भगव्यात त्याला तोंड देईल असा प्रतिकार नाही. तो नाना या बुटक्या डाळिंबात किंवा हिमालयातल्या दारू या रानडाळिंबात शोधावा लागतो. रानडाळिंबातून आणायचं म्हणजे आंबटपणा, बारीक दाणा, कडक बी सगळं सोबत. केगावच्या केंद्रानं काढलेल्या 'सोलापूर लाल'च्या वंशावळीत भगवा, गणेश, नाना आणि दारू आहेत. तो लोह, जस्त आणि क जीवनसत्त्वासाठी आहे, तेल्यासाठी नाही. पण रानटी रक्त घेऊनही खाण्यासारखं फळ मिळू शकतं, एवढं त्यातून दिसतं.

बागेसाठी आत्ता लागणारा सल्ला हवा असेल तर वेगळा धागा काढा, तिथं जाणकार आहेत.

सांगोल्याचा डाळिंबवाला

काढतो. आभार ताई.

एमएस्सी भाग दोन

माझा जरा हाताचा प्रश्न. प्रकल्पात ज्वारीच्या गुणसूत्रावर चमकणारा मार्कर चिकटवून जागा बघायचीय. मुळांच्या टोकातून गुणसूत्रं घेतली तर सगळी आखूड, ठेंगणी दिसतात. दोन ठिपके वेगळे आहेत की एकच, कळत नाही. सगळे पॅकिटीन (बीजपेशी तयार होतानाच्या विभाजनातली एक अवस्था) घ्या म्हणतात. पण परागकोश कधी काढायचे?

गुणसूत्री

मुळातली गुणसूत्रं विभाजनाच्या वेळी फार आकसलेली असतात, म्हणून जवळचे ठिपके एकात एक मिसळतात. पॅकिटीन अवस्थेत तीच गुणसूत्रं कितीतरी लांब ताणलेली असतात, आणि गच्च भाग गडद, मोकळा भाग फिकट असा वेगळा दिसतो. २००५ च्या कामातही पॅकिटीनच वापरलं होतं. सुरुवातीला उगाच छोटा मार्कर घेऊ नकोस, अख्खा बॅक क्लोन घे. काही शे बेसचा तुकडा वनस्पतीत क्वचितच नीट चमकतो. आणि पुनरावृत्तीचे तुकडे झाकायला ज्वारीचाच एकूण डीएनए न रंगवता मिसळ, नाहीतर सगळं गुणसूत्रच उजळेल.

पोटरी ते पेंढी

कधी काढायचे ते मी सांगतो, हे माझं खातं. कणीस पोटरीत असतानाच. बाहेर पडलं की उशीर झाला, तोवर पराग तयार झालेला असतो. पोटरी हाताला घट्ट लागते, पण फुगून फाटलेली नसते, तेव्हा कापायची. आणि एकाच कणसात वरची फुलं पुढं असतात, खालची मागं, तेव्हा वरून खाली थोडी थोडी घेऊन बघ.

एमएस्सी भाग दोन

काका, मग तीन भाग अल्कोहोल, एक भाग ॲसेटिक आम्ल यात लगेच टाकू ना?

पोटरी ते पेंढी

रसायनाचं ताईंना विचार.

गुणसूत्री

हो, शेतातच टाक, प्रयोगशाळेत येईपर्यंत थांबू नकोस. दुसऱ्या दिवशी ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेव. आणि बाटलीवर पेन्सिलीनं लिही, शाई अल्कोहोलमध्ये पुसली जाते.